अमेरिकेच्या इतिहासाचा सुट्टींतील अभ्यास

अमेरिकेंतील शाळांची उन्हाळ्याची सुट्टी साधारणतः जूनमध्यें सुरू होते आणि ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभीं संपते. सुमारें दहा आठवड्यांचा हा काळ खेळण्याचा, प्रवासाचा आणि मनसोक्त झोपेचा. व तो तसा असावा हेंच योग्य. परंतु पुष्कळ मुलांच्या दप्तरांतून या सुट्टींत एक जाडजूड ग्रंथही घरीं येतो. पुढील वर्षीं 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' या योजनेखालीं आपल्या देशाच्या इतिहासाचा प्रगत अभ्यासक्रम घ्यावयाचा, असें ज्यांनीं ठरविलें आहे, त्यांना सुट्टींतच कांहीं वाचून ठेवण्याची सूचना शिक्षकांकडून पुष्कळदां मिळते. ग्रंथ हजार पानांच्या आसपासचा, विद्यार्थ्याचें वय सोळा वर्षांचें, आणि सुट्टीचा पहिला आठवडा हां हां म्हणतां संपलेला. या ग्रंथाचें आतां करावयाचें काय, हा प्रश्न त्या घरांत उभा राहतो. जें घर मराठी बोलणारें असेल तेथें तो थोडा अधिक अवघड होतो. कारण आईवडिलांनीं शाळेंत शिकलेला इतिहास शिवछत्रपतींचा, पेशवाईचा आणि इंग्रजी अमदानीचा. वॉशिंग्टन व लिंकन हीं नांवें त्यांना परिचित असतात. पण मुलानें मिसूरीची तडजोड म्हणजे काय असें विचारल्यास त्यांना उत्तर देतां येत नाहीं.

ही योजना कॉलेज बोर्ड नांवाची संस्था चालविते. तिच्या पहिल्या परीक्षा सन १९५६ मध्यें झाल्या. शाळेंत असतांनाच महाविद्यालयाच्या आरंभींच्या वर्गाच्या तोडीचा अभ्यास करावा, मे महिन्यांत परीक्षा द्यावी, आणि १ ते ५ या श्रेणींपैकीं वरची श्रेणी मिळाल्यास पुष्कळ महाविद्यालयांनीं त्या विषयापुरती सवलत द्यावी, अशी तिची रूपरेषा आहे. इतिहासाची परीक्षा सव्वातीन तासांची असते. अलीकडील वर्षांतील तिची मांडणी येणेंप्रमाणें: ५५ मिनिटांत ५५ पर्यायी प्रश्न, त्यांना शेंकडा ४० गुण, ४० मिनिटांत तीन लघु उत्तरें, त्यांना २०, एका तासांत कागदपत्रांवर आधारलेला निबंध, त्याला २५, आणि ४० मिनिटांत दुसरा एक निबंध, त्याला १५.

या आंकड्यांकडे जरा निरखून पाहिलें तर सुट्टींत काय करावें आणि काय करूं नये, हें बरेंचसें आपोआप कळून येतें. शंभरांपैकीं ६० गुण लिहिण्याचे आहेत. उरलेल्या ४० गुणांचे पर्यायी प्रश्नदेखील सनावळी विचारीत नाहींत. एखादा उतारा, व्यंगचित्र, नकाशा किंवा आंकड्यांचें कोष्टक पुढें ठेवून त्यावर ते विचारलेले असतात. म्हणजे ज्यानें दहा आठवडे घोकंपट्टी केली, त्याच्या हातीं मे महिन्यांत फारसें कांहीं लागत नाहीं. जुने कागद वाचण्याची संवय आणि वाचलेल्यावरून स्वतःचें मत मुद्देसूदपणें मांडण्याची संवय, या दोन गोष्टींचीच तेथें खरी कसोटी लागते. आणि संवय ही वस्तु अशी आहे कीं, ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत लावून घेतां येत नाहीं. सुट्टीचा उपयोग कोठें आहे, तो येथें आहे.

तथापि आधीं भूमिका पक्की पाहिजे. अभ्यासक्रमानें इतिहासाचे नऊ कालखंड केले आहेत. पहिला १४९१ ते १६०७ असा आहे. कोलंबस १४९२ मध्यें आला; त्याच्या आदल्या वर्षापासून आरंभ करण्यांत असें सुचविलें आहे कीं, त्याच्या येण्यापूर्वीं त्या भूमीवर माणसें होतीं आणि त्यांनाही इतिहास होता. शेवटचा कालखंड १९८० पासून आजपर्यंतचा. या पहिल्या व शेवटच्या खंडांना परीक्षेंत प्रत्येकीं ४ ते ६ टक्के भार असतो. १६०७ ते १७५४ या दुसऱ्या खंडाला ६ ते ८. आणि मधल्या सहा खंडांना प्रत्येकीं १० ते १७. आतां पहिल्या पानापासून निष्ठेनें वाचावयास बसणाऱ्या विद्यार्थ्याची गत काय होते तें पहावें. जुलै महिना व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतींत जातो. ऑगस्टमध्यें बोस्टनच्या बंदरांत चहाच्या पेट्या बुडतात. आणि स्वातंत्र्याचें युद्ध तोंडावर आलें असतांना शाळा उघडते. ज्या भागाला परीक्षेंत सर्वांत थोडें मोल, त्यावर सर्वांत अधिक कष्ट खर्ची पडलेले असतात.

यापेक्षां पहिल्या आठवड्यांत एक मोठा कागद घेऊन त्यावर नऊ रकाने आंखावे, प्रत्येकांत पांचच सन लिहावे, आणि तो कागद भिंतीवर लावावा, हें बरें. पंचेचाळीस सन ही कांहीं फार मोठी सनावळी नव्हे. तेवढ्या खुंट्या भिंतीला ठोकल्या म्हणजे पुढें वाचलेलें सगळें त्यांवर टांगतां येतें. त्या कागदाशेजारीं एक नकाशा असावा. ॲपलॅचियन पर्वताची रांग, मिसिसिपी व ओहायो या नद्या, पंचमहासरोवरें, आणि दक्षिणेकडील कापसाचा पट्टा, एवढें तरी त्यांत हातानें काढलेलें असावें. सन १८२५ मध्यें ३६३ मैलांचा ईरी कालवा पुरा झाला आणि हडसन नदी ईरी सरोवराला जोडली गेली. तोंपर्यंत पश्चिमेकडील शेतकऱ्याचें धान्य मिसिसिपीच्या पाण्यावरून दक्षिणेस न्यू ऑर्लिन्सकडे जात असे. आतां तें पूर्वेस न्यूयॉर्ककडे वळूं लागलें. पुढें लोहमार्गांनीं हीच दिशा पक्की केली. यादवी युद्धाच्या वेळीं ओहायो, इलिनॉय यांसारखीं संस्थानें उत्तरेच्या बाजूनें उभीं राहिलीं, त्याच्या अनेक कारणांपैकीं एक कारण या व्यापारी संबंधांत सांपडतें. नकाशा पाहिलेल्या मुलाला हें एका दृष्टिक्षेपांत समजतें. न पाहिलेल्याला तें पाठ करावें लागतें.

दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत मधले सहा खंड, आठवड्यास एक, याप्रमाणें घ्यावे. दररोज एक तास पुरे. मात्र वाचतांना हातीं पेन्सिल असावी आणि मनांत एकच प्रश्न असावा: हें घडलें म्हणून पुढें काय घडलें? कापसाची गोष्ट या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. सन १७९३ मध्यें एली व्हिटनी यानें सरकी वेगळी करण्याचें यंत्र तयार केलें. वऱ्हाड-खानदेशांत ज्याला जिन म्हणतात, त्याचाच हा एक पूर्वज. हातानें सरकी काढण्याचें किचकट काम सोपें झाल्यावर गुलामांची गरज कमी व्हावी, असें कोणासही वाटेल. झालें तें उलट. कापूस किफायतशीर झाला, म्हणून नवी जमीन हवी झाली. जमीन कसावयास माणसें हवीं झालीं. सन १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास कायद्यानें बंदी होती; तरीही १७९० मध्यें सुमारें ७ लाख असलेले गुलाम १८६० मध्यें सुमारें ४० लाख झाले. नवी जमीन मिळाली कीं तेथें गुलामगिरी असावी कीं नसावी हा वाद उठे. १८२० ची मिसूरीची तडजोड, मेक्सिकोशीं युद्ध झाल्यानंतरची १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्काचा कायदा, १८५७ चा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल, आणि १८६० मध्यें लिंकनची निवडणूक, हे एकाच सांखळीचे दुवे आहेत. हे सन सुटे सुटे पाठ केले तर आठवड्यांत विसरतात. सांखळी म्हणून ध्यानांत घेतले तर एक दुवा ओढला कीं बाकीचे मागोमाग येतात.

मराठी घरांतील विद्यार्थ्याला या सांखळीचा एक दुवा आपल्याकडेही आलेला आढळेल. युद्ध चालू असतां दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि त्यांची मागणी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईंत कापसाच्या भावाबरोबर पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा बोकाळला, आणि १८६५ मध्यें युद्ध संपतांच तो डोलारा कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. कारण एका खंडांतलें आणि परिणाम दुसऱ्या खंडांतला, हें ज्याला एकदां दिसलें, त्याला कार्यकारणभाव निराळा शिकवावा लागत नाहीं.

आतां कागदपत्रांच्या निबंधाविषयीं. हा प्रकार या परीक्षेंत १९७३ पासून आहे. सध्यांच्या पद्धतींत विद्यार्थ्यापुढें सात कागद ठेवले जातात. कोणाचें पत्र, कोणाचें भाषण, कोणत्या वर्तमानपत्रांतील चित्र, एखादा ठराव. ते वाचून एका प्रश्नावर त्यानें आपलें मत ठरवावयाचें, त्या कागदांचा आधार द्यावयाचा, आणि त्यांच्याबाहेरचा एखादा पुरावाही आणावयाचा. मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटूं नये. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल कागदाचें महत्त्व महाराष्ट्राच्या परिचयाचें आहे. फरक एवढाच कीं, जें काम येथें संशोधकाचें मानलें गेलें, त्याची लहानशी तालीम तेथें सोळा वर्षांच्या मुलाकडून करून घेतात.

या तालमीला चार प्रश्न पुरतात. कागद कोणीं लिहिला? कोणासाठीं? केव्हां? आणि कशासाठीं? जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'चें उदाहरण घेण्यासारखें आहे. सन १८७३ मध्यें प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक त्यांनीं, गुलामांना दास्यांतून मुक्त केल्याबद्दल, संयुक्त संस्थानांतील लोकांना अर्पण केलें. लिहिणारे पुण्याचे समाजसुधारक. त्याच वर्षीं सत्यशोधक समाज स्थापन करणारे. वाचणारे, ज्यांना जातिभेदाचा जाच होत होता ते लोक, आणि तो जाच करणारेही. हेतु हा कीं, अमेरिकेंत जें झालें त्यापासून येथील लोकांनीं धडा घ्यावा. आणि काळ? गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची; चौदावी १८६८ ची; पंधरावी १८७० ची. अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हां मुक्तीची आशा अजून ताजी होती. परंतु १८७७ मध्यें दक्षिणेंतील संघसरकारच्या सैन्याचा आधार काढून घेण्यांत आला, पुनर्रचनेचा काळ संपला, आणि १८९६ मध्यें वंशावरून माणसें वेगळीं बसविण्यास सर्वोच्च न्यायालयानेंच मान्यता दिली. तेव्हां ही अर्पणपत्रिका १८७३ मधील दक्षिणेंत काय चाललें होतें याचा पुरावा होऊं शकत नाहीं. पण अमेरिकेंतील घटनेचा अर्थ पुण्यांत काय लावला गेला, याचा ती उत्तम पुरावा आहे. कोणता कागद कशाचा पुरावा, हें ओळखतां येणें म्हणजेच निम्मा निबंध.

सुट्टींत अशीं पांच-सहाच साधनें वाचावीं, पण मुळांतून वाचावीं. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सेनेका फॉल्स येथें १८४८ मध्यें स्त्रियांच्या परिषदेनें केलेला जाहीरनामा. फ्रेडरिक डग्लस याचें १८५२ चें स्वातंत्र्यदिनावरील भाषण. लिंकनचें १८६३ चें गेटिसबर्ग येथील भाषण. आणि १९६३ मध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांनीं बर्मिंगहॅमच्या तुरुंगांतून लिहिलेलें पत्र. हे कागद एकमेकांशीं बोलतात. सेनेका फॉल्सच्या स्त्रियांनीं १७७६ चाच सांचा घेऊन त्यांत स्त्रियांना स्थान दिलें. गेटिसबर्गला लिंकननें सत्त्याऐंशीं वर्षें मागें मोजून राष्ट्राचा जन्म १७७६ मध्यें धरला. राज्यघटना १७८७ ची. तींत गुलामांची गणना प्रतिनिधींच्या हिशेबासाठीं तीन-पंचमांश धरलेली. त्यानें घटनेच्या सनापासून न मोजतां जाहीरनाम्याच्या सनापासून मोजलें, यांत त्याचें सारें राजकारण आहे.

या वाचनांत एक गोष्ट विद्यार्थ्याला प्रथम गोंधळांत टाकील. गुलामगिरीचा कट्टा शत्रु विल्यम लॉइड गॅरिसन यानें १८५४ मध्यें स्वातंत्र्यदिनीं फ्रॅमिंगहॅम येथें राज्यघटनेची प्रत भर सभेंत जाळली. त्याच्या मतें ती गुलामगिरीशीं केलेला करार होती. स्वतः गुलामगिरींतून पळालेला डग्लस आरंभीं त्याच मताचा होता. पण १८५१ मध्यें त्यानें तें सोडलें आणि घटनेचा अर्थ स्वातंत्र्याच्या बाजूनें लावतां येतो असें प्रतिपादिलें. ध्येय एक, कागद एक, आणि अर्थ दोन. येथें खरें कोण, असें विचारून मूल आईवडिलांकडे आलें तर त्यांनीं उत्तर देण्याची घाई करूं नये. त्यानें दोन्ही बाजू लिहून काढून मग आपली निवड सांगावी. परीक्षक तेंच मागतात, आणि नागरिकालाही पुढें जन्मभर तेंच करावें लागतें.

इतिहासाच्या पुस्तकांतही असेच दोन पक्ष आहेत. हॉवर्ड झिन यांनीं १९८० मध्यें लिहिलेला इतिहास मजूर, गुलाम आणि मूळचे रहिवासी यांच्या बाजूनें पाहतो. लॅरी श्वाइकार्ट व मायकेल ॲलन यांचा २००४ चा ग्रंथ त्याच देशाच्या पराक्रमाचा अभिमान बाळगतो. एखादी घटना दोहोंत वाचून पाहण्यानें जें शिक्षण होतें, तें एकाच ग्रंथाच्या दहा आवृत्त्यांनीं होणार नाहीं. हा वाद ग्रंथालयापुरता राहिलेला नाहीं. २०१४ मध्यें या अभ्यासक्रमाची नवी आंखणी झाली तेव्हां ती देशाचे दोषच दाखविते असा आक्षेप घेण्यांत आला. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीनें तिच्याविरुद्ध ठराव केला. कोलोराडोमधील जेफर्सन परगण्यांत अभ्यासक्रमाची छाननी देशाभिमानाच्या दृष्टीनें करावी अशी सूचना शालेय मंडळापुढें येतांच शेंकडों विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. २०१५ मध्यें संस्थेनें आंखणींत दुरुस्ती केली. आपल्या मुलांना कोणता भूतकाळ सांगावा, यावरून मोठीं माणसें भांडतात. तेव्हां त्या मुलांनीं तो स्वतः तपासण्यास शिकणें, यापेक्षां दुसरा शहाणपणाचा मार्ग नाहीं.

आठव्या व नवव्या आठवड्यांत वाचन कमी आणि लेखन अधिक करावें. दर दोन दिवसांनीं एक प्रश्न, चाळीस मिनिटें, समोर घड्याळ. पहिल्या वाक्यांतच मत यावें, आणि तें असें असावें कीं, समंजस माणसाला त्याच्याशीं मतभेद दाखवितां यावा. 'यादवी युद्धाचीं अनेक कारणें होतीं' हें मत नव्हे. त्याला कोणीच नाहीं म्हणणार नाहीं. 'गुलामगिरीचा नव्या प्रदेशांत होणारा प्रसार हें त्या युद्धाचें मुख्य कारण होतें, आणि संस्थानांच्या हक्कांचा वाद त्याच्याच पोटीं जन्मला' हें मत होय. कारण तें सिद्ध करावें लागतें. परीक्षा २०२५ पासून संगणकावर झाली आहे. तेव्हां निदान कांहीं उत्तरें त्यावरच लिहून पहावीं. दहावा आठवडा मोकळा सोडावा. थकून शाळेंत गेलेला विद्यार्थी पहिल्याच महिन्यांत विषयाला विटतो.

घरांतील मंडळींनीं यांत काय करावें? आज किती पानें झालीं, असें विचारूं नये. जेवतांना 'हें असें कां झालें असेल?' एवढेंच विचारावें आणि ऐकावें. समजावून सांगतांना ज्या ठिकाणीं मुलाची जीभ अडखळते, त्या ठिकाणीं त्याला अजून समजलेलें नसतें. तें त्याचें त्यालाच कळतें. या कामाला अमेरिकेचा इतिहास येत असण्याची गरज नाहीं. किंबहुना तो न येणारा श्रोता अधिक उपयोगी, कारण त्याला सर्व कांहीं मुळापासून सांगावें लागतें. पंडिता रमाबाईंचें १८८९ मध्यें प्रसिद्ध झालेलें संयुक्त संस्थानांच्या लोकस्थितीवरील पुस्तक घरांत असेल, तर आजीनेंही या अभ्यासांत भाग घ्यावा. तेथील राज्यकारभार आणि स्त्रियांच्या चळवळी एका मराठी स्त्रीला कशा दिसल्या, हें मूळ मराठींतच वाचावयास मिळेल.

अखेरीस, हा इतिहास आपला नव्हे, दुसऱ्यांचा आहे, असें ज्या मराठी मुलाला वाटत असेल, त्यानें आठव्या कालखंडांतील एक सन विशेष लक्षपूर्वक वाचावा. १९२३ मध्यें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हिंदुस्थानांतून आलेला मनुष्य गोरा नसल्यामुळें त्याला नागरिक होतां येत नाहीं. १९४६ मध्यें नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, पण वर्षाला प्रवेश अवघ्या शंभर जणांना. काळ्या लोकांनीं मोर्चे काढले, मार खाल्ला, तुरुंग भोगला. त्यांतून १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मताधिकाराचा कायदा झाला. आणि त्याच १९६५ च्या ऑक्टोबरांत, जन्मदेशावरून माणसांची संख्या ठरविणारी जुनी पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं सही केली. मराठी डॉक्टर आणि इंजिनियर मोठ्या संख्येनें त्या देशांत जाऊं लागले ते त्यानंतर. ज्या घरांत बसून तो विद्यार्थी हा अभ्यास करतो, तें घर त्या देशांत उभें राहिलें, त्यामागें बर्मिंगहॅमच्या तुरुंगांतील त्या पत्राचाही कांहीं अंश आहे. भिंतीवरच्या कागदावर आठव्या रकान्यांत १९६५ हा सन त्यानें अवश्य लिहावा, आणि आपले आईवडील किंवा आजीआजोबा कोणत्या सालीं आले, तें त्यांना विचारून त्याच्या खालीं मांडावें.